कोळशानं काढलेले सिंह: शोव्हे गुहेतलं चित्र वाचायचं कसं?

काजळरेघ:
फ्रान्समध्ये आर्देश नदीच्या खोऱ्यात शोव्हे गुहा आहे. १८ डिसेंबर १९९४ ला ती सापडली, २०१४ पासून जागतिक वारसा आहे. तिच्या अगदी शेवटच्या दालनात, कोनाड्याच्या उजवीकडच्या भिंतीवर कोळशानं काढलेले पंधरा-सोळा सिंह आहेत. बहुतेकांचं नुसतं डोकं आणि मान. सगळ्यांची तोंडं डावीकडे, आणि पुढ्यात बायसनांचा घोळका. हे छायाचित्र जिथे बघावं तिथे 'शिकारीला निघालेले सिंह' असा मथळा मिरवत असतं. हा मथळा भिंतीवरून आला की आपल्या डोक्यातून, एवढाच धाग्याचा विषय. सुटे प्रश्न असे:

१. एकालाही आयाळ नाही. मग सगळ्या सिंहिणीच का?
२. काळा रंग कोळशाचाच कशावरून? फ्रान्समधल्याच लास्को गुहेतला काळा तर मँगनीजचा आहे.
३. कुठली रेघ आधीची, कुठली नंतरची, हे कसं ओळखतात?
४. आणि मुख्य म्हणजे, ही खरंच शिकार आहे का?

जादूटोणा, शामान (तंद्रीत जाऊन आत्म्यांशी बोलणारा मांत्रिक), पूर्वजपूजा हे सगळं शेवटी. आधी भिंतीवर काय आहे ते बघू.

रानवाटा:
पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्याच गुहेत आहे. एका चित्रात दोन सिंह शेजारी शेजारी चालताना दाखवलेत, अलीकडचा लहान, पलीकडचा मोठा. मोठ्याच्या मागच्या पायांमध्ये अंडकोश स्पष्ट काढलाय आणि आयाळ मात्र नाही. म्हणजे हा नर आहे आणि बिनआयाळीचा आहे. तेव्हा 'आयाळ नाही, सबब मादी' हे गणित इथे चालत नाही.

हा आजचा सिंह नव्हे. पँथेरा स्पेलिया, म्हणजे गुहासिंह, ही नामशेष झालेली जात. याकुतियाच्या गोठलेल्या जमिनीत तिचे केसांसकट छावे सापडलेत, पण ते छावेच असल्यामुळे आयाळीबद्दल त्यांच्याकडून काही कळायचं नाही. नराला मोठी आयाळ नव्हती याचा मुख्य पुरावा ही भित्तिचित्रंच आहेत. आपल्या गीरमध्येही आफ्रिकेच्या मानानं आयाळ विरळ असते, नराचे कान सहसा उघडे दिसतात. आयाळ हवामानाप्रमाणे आणि जातीप्रमाणे बदलते, ती सिंहपणाची अट नाही.

मग सिंह कशावरून म्हणायचं? चार गोष्टी बघायच्या. तोंडाचा पुढचा भाग बोथट आणि हनुवटी भरीव आहे का. कान लहान आणि गोल आहेत का. मिशांच्या मुळाशी ठिपके दिलेत का. इथल्या काही डोक्यांवर ते आहेत. आणि कपाळापासून नाकापर्यंतची रेघ, जी मोठ्या मांजरात जवळजवळ सरळ उतरते. अस्वलाच्या कपाळाला तिथे ठळक पायरी असते. चित्र धूसर असेल तेव्हा ही शेवटची खूण सगळ्यात कामाची.

टवाळपोर:
थोडक्यात, केस गेले म्हणून पुरुषत्व जात नाही. सकाळी सकाळी केवढा दिलासा.

मोजपट्टी:
दुसरा प्रश्न. नुसत्या डोळ्यांनी काळा तो काळाच. पहिली चाचणी हातात धरायच्या क्ष-किरण यंत्राची, भिंतीला हात न लावता होते. मँगनीज असेल तर त्याचा ठसठशीत संकेत येतो. कार्बन मात्र इतका हलका की त्या यंत्राला दिसतच नाही. म्हणजे 'मँगनीज नाही' एवढंच कळतं. 'कोळसा आहे' हा त्यावरून काढलेला तर्क झाला, पुरावा नव्हे.

पक्कं करायला रामन वर्णपट, म्हणजे लेसरचा उजेड टाकून विखुरलेल्या प्रकाशाची चाचणी. कोळशासारख्या विस्कळीत रचनेच्या कार्बनचे दोन रुंद उंचवटे येतात, एक १३५० च्या आसपास आणि दुसरा १५८० ते १६०० दरम्यान (एकक: प्रति सेंटिमीटर). ते दिसले की कार्बन नक्की. कोळसा की काजळी, हे मात्र त्यावरून सरळ सांगता येत नाही. त्याला सूक्ष्मदर्शकाखाली कण बघावा लागतो. कोळशात लाकडाच्या पेशींच्या भिंती शाबूत असतात, काजळीत नुसते गोळे. पेशींवरून झाडही ओळखता येतं. शोव्हेच्या जमिनीवरचे आणि भिंतींवरचे मिळून १७१ कण तपासले, जवळपास सगळे पाइनचे निघाले. थंड हवामानात तेच मुबलक आणि खालच्या वाळक्या फांद्या आयत्या मिळतात.

अवांतर: रंग उठावदार करणारं डी-स्ट्रेच सॉफ्टवेअर गेरूवर जादू करतं. कोळशावर फारसं नाही, कारण काळ्याला ताणायला रंगच नसतो. कोळशासाठी अवरक्त कॅमेरा बरा.

पुठ्ठा_आणि_खळ:
तिसरा प्रश्न आमच्या हद्दीतला. आधी काम कसं झालंय ते मांडतो, मग क्रम आपोआप कळेल.

त्या भिंतीचा चुनखडक टणक आहे, पण वर मऊसर, मातकट थर बसलेला. चित्र काढण्याआधी तो थर खरवडून काढलाय. त्यामुळे खालचा पांढरा भाग उघडा पडला, म्हणजे कॅनव्हास तयार केला म्हणा. मग कोळशाच्या काडीनं बाह्यरेषा. मग आतल्या बाजूनं बोटानं किंवा तळहातानं चोळून छटा. चोळताना कोळसा भिंतीच्या ओल्या मातीत मिसळतो आणि निळसर राखाडी रंग येतो. कागदावर पेपर स्टंपनं (गुंडाळलेल्या कागदाच्या कांडीनं) जे साधतो तेच. शेवटी काही ठिकाणी टोकदार वस्तूनं बाह्यरेषेच्या कडेनं कोरलंय. कोरल्यावर पांढरी रेघ उमटते आणि काळं डोकं भिंतीपासून सुटून पुढे येतं.

आता क्रम. दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथेच बघायचं, बाकी ठिकाणी तर्क चालवायचा नाही. कोरीव रेघ कोळशातून गेली असेल तर तिच्या तळाशी पांढरं दिसतं. तळाशी काळं भरलेलं असेल तर कोळसा नंतरचा. चोळलेल्या छटेवर स्वच्छ, कडक काळी रेघ असेल तर रेघ नंतरची. उलट, रेघेचीच कड छटेत ओढली गेली असेल तर चोळणं नंतरचं. अस्वलांच्या नख्यांचे ओरखडेही कामाला येतात. या गुहेत अस्वलांचा मोठा मुक्काम होता. ओरखड्याच्या खाचेत कोळसा शिरलेला असेल तर अस्वल आधी येऊन गेलं, रेघ तुटली असेल तर नंतर.

याच गुहेतल्या घोड्यांच्या फलकावर, म्हणजे घोडे काढलेल्या भिंतीवर, क्रम लावायचं हे काम अतिशय बारकाईनं झालंय. आधी ओरखडे, मग खरवडणं, खाली समोरासमोर भिडलेले गेंडे, आणि ते चार प्रसिद्ध घोडे अगदी शेवटी. घोडे नजरेत पहिले भरतात म्हणून ते पहिले काढले असतील असं वाटतं, आणि नेमकं तिथेच फसायला होतं.

नवखी_वाचक:
एक शंका. बोटानं चोळलंय हे मुद्दाम, की कुणाचा तरी हात चुकून लागला? कोळसा तर नुसता श्वास लागला तरी पसरतो.

पुठ्ठा_आणि_खळ:
ताई, शंका रास्त आहे. श्वासानं मात्र पसरत नाही हो, नाहीतर आमचा धंदाच बसला असता!

चुकून लागलेल्या हाताला दिशा एकच असते आणि त्याला हद्द कळत नाही. तो बाह्यरेषा ओलांडून बाहेर जातो, शेवटाकडे फिका होत जातो आणि शरीराच्या आकाराशी त्याला देणंघेणं नसतं. मुद्दाम दिलेली छटा रेषेशी गडद असते, आत फिकी होत जाते आणि बाहेरच्या बाजूला एकदम थांबते. सिंहांच्या गालावर, घोड्यांच्या जबड्याखाली ती अशीच थांबलीये. जबड्याच्या हाडाखाली गडद, गालावर उजेड. वाहत्या पाण्यानं झालेला ओघळ तर सरळ उभाच असतो, तो ओळखायला सोपा.

टवाळपोर:
वाचनखूण साठवली. आता घरात भिंतीवर पोरानं कोळसा फासला तर आधी छटेची दिशा तपासणार, मगच ओरडणार.

शंकासुर:
सगळं झकास, पण वयाचं काय? ३६ हजार वर्षं हा आकडा फारच सहज फेकला जातो. शैली बघता हे काम बरंच अलीकडचं असावं असं म्हणणारे अभ्यासक होते आणि आहेत. शिवाय कार्बन चाचणी लाकडाचं वय सांगते, चित्राचं नाही. गुहेत पडलेला जुना कोळसा उचलून कुणी नंतर रेघोट्या मारल्या असतील तर?

मोजपट्टी:
शंकासुरराव, तुमचे दोन मुद्दे वेगळे आहेत, वेगवेगळेच घेऊ.

आधी भेसळ. कार्बन-१४ चं अर्धायुष्य, म्हणजे निम्मा उरायला लागणारा काळ, ५,७३० वर्षं; प्रयोगशाळेतलं बीपी वय मात्र रूढीनं ५,५६८ धरून काढतात. प्रयोगशाळेतलं वय ३२,००० बीपी (म्हणजे १९५० च्या मागे, खऱ्या वर्षांत बदललं की साधारण ३६ हजार) असेल तर मूळच्या कार्बन-१४ पैकी जेमतेम १.९ टक्के उरलेला असतो. अशा नमुन्यात १ टक्का आजचा कार्बन शिरला, बुरशीचा, हाताच्या तेलाचा, झिरपणाऱ्या पाण्यातल्या ह्युमिक आम्लाचा, तर यंत्र २८,६०० च्या आसपास दाखवेल. सुमारे ३,४०० वर्षं तरुण. उलट १ टक्का मृत कार्बन, म्हणजे कार्बन-१४ न उरलेला, चुनखडकातला वगैरे, शिरला तर वय वाढतं फक्त ८० वर्षांनी. म्हणजे भेसळ झाली तर चित्र आहे त्यापेक्षा खूप तरुण दिसेल. खूप म्हातारं दिसायला नमुना बहुतांशी दगडच असायला हवा. म्हणून नमुना आधी आम्लात (चुना जातो), मग अल्कलीत (ह्युमिक आम्लं जातात), मग पुन्हा आम्लात धुतात. अल्कलीत कोळसाही विरघळतो. मिलिग्रॅमभर नमुन्यातून हातात काहीच उरलं नाही, असंही होतं.

आता जुन्या लाकडाचा मुद्दा. तो तत्त्वतः बरोबर आहे आणि एका नमुन्यानं सुटत नाही. पण २०१६ मध्ये अडीचशेहून जास्त वयं एकत्र मांडली गेली, चित्रं, चुली, मशालीचे डाग आणि अस्वलांची हाडं धरून. माणसांच्या वावराचे दोन काळ निघाले: ३७,००० ते ३३,५०० आणि ३१,००० ते २८,००० वर्षांपूर्वी. काळी चित्रं मुख्यतः पहिल्या काळातली. त्यात एक छान दुवा आहे. मशाल पुन्हा पेटती करायला भिंतीवर झटकली की काळा डाग पडतो. असा एक डाग चित्रावर चढलेल्या कॅल्साइटच्या (झिरपत्या पाण्यातून साचलेल्या चुन्याच्या) पापुद्र्यावर आहे. डाग दुसऱ्या काळातला, त्याखाली पापुद्रा, त्याखाली चित्र. इथे लाकूड जुनं की नवं हा प्रश्नच येत नाही, थरांचा क्रमच बोलतो.

आणि शेवटचं. गुहेच्या तोंडावर कडा कोसळत गेला. उघड्या पडलेल्या खडकाचं वय क्लोरीन-३६ वरून (अवकाशातल्या किरणांनी खडकात तयार होणाऱ्या अणूवरून) काढलंय. सुमारे २१,५०० वर्षांपूर्वी तोंड पुरतं बुजलं. त्यानंतर आत जाऊन रेघोट्या मारायला वाट नव्हती.

शंकासुर:
मृत कार्बनचा ८० वर्षांचा हिशोब पटला. शैलीवाल्यांचा मुद्दा तेवढ्यानं मरत नाही, पण लंगडतो हे कबूल.

दाजीपूरकर:
धाग्यात बायसन आलाय म्हणून. आपल्याकडे दाजीपूरच्या अभयारण्यालाही 'बायसन' चिकटलंय, पण तो गवा. दोघांत गल्लत करून हे चित्र बघू नका. गव्याच्या पाठीवर खांद्यापासून मध्यापर्यंत कण्याचा उंच पट्टा असतो, अंग तुळतुळीत, पाय गुडघ्यापासून खाली पांढरे, दाढी नाही. शोव्हेतला म्हणजे गवताळ मैदानातला बायसन. त्याचं वशिंड खांद्यावरच, मागे शरीर उतरत जातं, हनुवटीला दाढी, मानेखाली झुपके. कोळशाला हे झुपके फार मानवतात. काडी आडवी धरून दाबली की केस झालेच.

एक गंमत अशी की त्या भिंतीवर काही बायसनांचं अंग बाजूनं दाखवलंय आणि डोकं समोरून, थेट आपल्याकडे बघणारं. एकात तर भिंतीच्या वळणाचा फायदा घेऊन डोकं वेगळ्या पातळीवर आणलंय. पळणारा प्राणी असं वळून बघत नाही. चौथ्या प्रश्नासाठी हे टिपून ठेवा.

द्राक्षवेल:
सगळे कोळसा कोळसा करताय, तर तो करून बघा. चित्र वाचायला हातात काडी असलेली बरी. पाइन कशाला शोधता, नाशिककडे एप्रिलच्या खरड छाटणीत वेलीच्या पिकलेल्या काड्यांचे ढीग पडतात. चित्रकारांचा 'व्हाइन चारकोल' म्हणजे हाच, द्राक्षाच्या वेलीचा.

करंगळीएवढ्या जाडीच्या, बोटभर ते वीतभर लांब काड्या. साल काढायची, नाहीतर जळल्यावर पापुद्रे सुटतात आणि रेघ तुटते. आठवडाभर सावलीत वाळवायच्या. घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा घ्या, प्लास्टिकचं अस्तर नको. काड्या उभ्या ठासून भरा, आत मोकळी जागा राहिली की हवा राहते आणि तेवढ्या काड्यांची राख होते. झाकणाला खिळ्यानं एकच भोक. डबा विस्तवात. आधी भोकातून पांढरी वाफ येईल, ते पाणी. मग पिवळसर धूर, त्याला काडी दाखवली की पेटतो. ती ज्योत विझली, धूर थांबला की काम झालं. डबा बाहेर काढून भोक ओल्या मातीनं लिंपायचं. आणि इथे सगळे घाई करतात. पूर्ण गार होईपर्यंत उघडायचा नाही. गरम कोळशाला हवा लागली की तो डोळ्यांदेखत पेटतो.

काडी मोडून बघा. आत तपकिरी असेल तर कच्ची, ती कागद ओरखडते. टणत्कार येऊन मोडली तर उत्तम. चिमटीत भुगा झाला तर जास्त जळली.

रानवाटा:
+१. वाघाचा पट्टा मारायला पेन्सिल आणि या काडीत फरक काय, ते एकदा मारल्यावरच कळतं.

पुठ्ठा_आणि_खळ:
द्राक्षवेल यांना दुजोरा, फक्त एक भर. कागदावर शोव्हेचा अंदाज येणार नाही. प्लायवर चुन्याचे दोन हात द्या, वाळल्यावर शाडूचा पातळ लेप, दोन मिलिमीटरच्या आसपास. लेप अर्धवट सुकला, नख लावल्यावर खूण उमटते पण चिकटत नाही, तेव्हा पत्र्याच्या तुकड्यानं हवा तेवढा भाग खरवडून पांढरा करा आणि मग कोळसा. लेप ओला असेल तर काडी घसरते आणि माती उचलून आणते. कडक वाळला तर चोळून राखाडी येत नाही, नुसतं काळं खरखरीत राहतं, आणि कोरायला गेलं की ढलपे उडतात. त्या भिंतीवर चोळणं आणि कोरणं दोन्ही जमलंय, म्हणजे काम चालू असताना पृष्ठभाग दमट होता. सिंहाचं डोकं या फळीवर पाच-दहा मिनिटांत होतं.

कातळसडा:
अवांतर, पण याच प्रश्नाचं आपल्याकडचं रूप. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवरची कातळशिल्पं जांभ्यात कोरलेली आहेत. त्यात कोळसाच नाही, त्यामुळे मोजपट्टींची सगळी यंत्रं इथे बेकार. उक्षीचा हत्ती, कशेळीचा प्रचंड हत्ती, बारसूला दोन मोठ्या प्राण्यांच्या मध्ये उभा माणूस. बारसूच्या त्या प्राण्यांना वाघ म्हणायची पद्धत पडलीये. रानवाटा यांनी दिलेल्या चार खुणा तिथे लावून बघा. कान, मिशांचे ठिपके, कपाळाची रेघ, हनुवटी. जांभा सच्छिद्र आणि भरड, त्यात ठिपका टिकत नाही आणि बारीक वळण उतरत नाही. मग शेपूट, पवित्रा आणि शरीराची ठेवण यावरच भिस्त. म्हणजे माध्यम काय पेलतं ते आधी बघावं लागतं. कोळशात मिशा नसतील तर त्या मुद्दाम गाळल्या म्हणता येईल. जांभ्यात नसतील तर काहीच म्हणता येत नाही.

टवाळपोर:
फ्रान्समधून निघालेला धागा राजापूरला पोचला. पुढचा थांबा?

शंकासुर:
पुढचा थांबा ज्वालामुखी! त्याच गुहेत कारंज्यासारखे फवारे उडताहेत अशा खुणा आहेत. गुहेपासून ३५ किलोमीटरवर बा-व्हिव्हारे भागात त्या सुमाराला उद्रेक झाले असावेत असं खडकांच्या वयावरून निघालं, आणि २०१६ मध्ये या खुणा म्हणजे उद्रेकाचं चित्र अशी मांडणी आली. त्यातली एक खूण महाकाय हरणाच्या कोळशातल्या चित्राखाली अर्धी झाकली गेलीये. माझा आक्षेप साधा आहे. उद्रेकाच्या वयाला हजारो वर्षांची अधिक-उणे आहे. एवढ्या रुंद खिडकीत काहीही जुळतं.

मोजपट्टी:
अधिक-उणेबद्दल सहमत. पण 'हरीण नंतरचं, फवारा आधीचा' हा भाग त्यातही पक्का राहतो. क्रम एक, अर्थ दुसरा.

काजळरेघ:
हेच मला चौथ्या प्रश्नाबद्दल हवं होतं. रानवाटा, सांगा आता, शिकार आहे की नाही? हळूच शामान आणू नका. १९९६ मध्ये जाँ क्लॉत आणि लुइस-विल्यम्स या गुहाचित्रांच्या अभ्यासकांनी तो आणला, तेव्हापासून लोक भिंतीकडे बघायच्या आधी तंद्रीत जातात.

रानवाटा:
शिकारीच्या बाजूनं काय आहे? सगळी डोकी एका दिशेला, नजर रोखलेली, मान पुढे ताणलेली, आणि त्या दिशेला खुरांचे प्राणी. दबा धरलेला सिंह डोकं खांद्याच्या पातळीला किंवा खाली ठेवतो, कान पुढे. भांडणाऱ्या किंवा गुरकावणाऱ्या सिंहाचे कान मागे चपटे होतात, ओठ वर जातात. या घोळक्यात गुरकावणं फारसं नाही, एकाग्रता आहे. त्यामुळे 'रोखून बघणारे सिंह' एवढं मी डोळे झाकून मान्य करेन.

विरुद्ध बाजू मोठी आहे. पाय जवळपास नाहीतच, म्हणजे पळताहेत, रांगताहेत की उभे आहेत हे ठरवायला पुरावा नाही. दबा धरणारे सिंह एकमेकांना खेटून दाटीनं जात नाहीत, पसरून घेरतात. दाजीपूरकरांनी सांगितलेले समोर बघणारे बायसन पळत नाहीयेत. आणि एक बाहेरचा पुरावा. वायव्य युरोपातल्या गुहासिंहांच्या हाडांमधल्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या हलक्या-जड अणूंच्या प्रमाणावरून) त्यांचा आहार काढलाय. तिथे ते प्रामुख्यानं रेनडिअर आणि गुहा-अस्वलांची पिल्लं खायचे. तो प्रदेश वेगळा आहे, म्हणून शोव्हेला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण सिंहापुढे बायसन दिसला की जेवण ठरलं, हे आपण धरून चालतो ते कशाच्या जोरावर?

आणखी एक. ज्या जनावरांचं मांस माणसं रोज खायची ती या गुहेत मुख्य नाहीत. सिंह सत्तरीच्या आसपास, गेंडे साठाहून जास्त, शिवाय मॅमथ. चित्रकारानं ताटातलं जनावर निवडलं नाही, भीती वाटणारं निवडलं.

पुठ्ठा_आणि_खळ:
मी चौथ्याकडे उलट बाजूनं येतो. पंधरा-सोळा डोकी म्हणजे तेवढे सिंह असंच का धरायचं? घोड्यांच्या फलकाजवळच्या कोनाड्यात आठ पायांचा बायसन आहे. या शेवटच्या दालनात डाव्या बाजूला गेंडे आहेत, एकामागे एक शिंगांच्या रेघाच रेघा. एक वाचन असं की तो कळप आहे आणि मागच्या गेंड्यांची फक्त शिंगं दिसतात. दुसरं असं की तो एकच गेंडा आहे, डोकं हलवणारा. निवडायची कसोटी आहे: पुनरावृत्तीतल्या रेघांमधलं अंतर. एकच प्राणी हलतोय तर रेघा एका बिंदूभोवती पंख्यासारख्या उघडतात. कळप असेल तर समांतर सरकतात आणि प्रत्येकीला स्वतःची पाठीची रेघ लागते. आठ पाय पंख्यासारखे आहेत. सिंहांची डोकी तशी नाहीत. आकार वेगळे, नाकाचे कोन वेगळे, प्रत्येकाचा डोळा स्वतंत्र. म्हणून सिंह अनेकच आहेत असं माझं मत.

आणि छायाचित्रावर विसंबू नका. छायाचित्र ती भिंत सपाट करतं. प्रत्यक्षात मध्ये कोनाडा आहे, त्यात घोडा, आणि दोन्ही बाजूंनी भिंत फुगत बाहेर येते. कोनाड्यासमोर उभं राहिलं की सिंहांची नजर बायसनांवरून पुढे त्या पोकळीकडे जाते. चौकट कापताना कोनाडा गाळला की उरते शिकार.

नवखी_वाचक:
मग हे प्रत्यक्ष बघायचं कुठे? गुहा तर बंद असते ना?

काजळरेघ:
मूळ गुहा लोकांसाठी कधी उघडलीच नाही. लास्को १९४८ ला उघडली, श्वासांच्या ओलीनं आणि शेवाळानं भिंती बिघडल्या, १९६३ ला बंद करावी लागली. तेच इथे नको होतं. जवळच प्रतिकृती आहे, एप्रिल २०१५ पासून; गुहा आटोपशीर केलीये, पण चित्रांच्या भिंती मूळ आकारात. तिथे भिंतीची वळणं मोजून उतरवलीत, त्यामुळे कोनाड्याचा मुद्दा तिथे तपासता येईल. टॉर्च मात्र डोळ्यांच्या उंचीवर धरू नका, खालून आणि थोडा बाजूनं. मशाल तशीच असायची, आणि बाजूनं उजेड आला की कोरलेल्या रेघा उठून येतात.

बाकी चौथ्या प्रश्नापुरतं: धाग्यातल्या चित्राचा मथळा बदलून 'डावीकडे रोखून बघणारे सिंह, पुढ्यात बायसन, मध्ये कोनाडा' असा करतोय. शंकासुर, हरकत?

शंकासुर:
'रोखून' काढा. नुसतं 'बघणारे'.

रानवाटा:
'रोखून' राहू द्या. कानांवरून सिद्ध होतं.

टवाळपोर:
'शिकार' लिहिलेलंच जास्त खपलं असतं.